पुराव्याचा रकाना

१९५३ साली मी अंबरनाथच्या एका लोकरीच्या गिरणीत, रसायनशाळेत नोकरीला होते. तिथे रोज सकाळी फळ्यावर एक इंग्रजी वाक्प्रचार लिहिला जाई. हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून. गिरणीचे मॅनेजर मॅकीसाहेब स्कॉटलंडचे. साधी सूचनासुद्धा त्यांना साध्या शब्दांत लिहिता येत नसे. नवा बॉयलर ‘फ्लॅश इन द पॅन’ ठरला असं त्यांनी एकदा कळवलं, तेव्हा आमचे प्रमुख श्रीपाद देवधर वाळूची बादली घेऊन बॉयलरकडे धावले. आग कुठेच नव्हती. बॉयलर दोन दिवस छान चालून बंद पडला होता, एवढंच साहेबांना म्हणायचं होतं.

त्या दिवसापासून देवधरांनी नियम केला. सकाळी आलेल्या कुठल्याही चिठ्ठीतला वाक्प्रचार फळ्यावर लिहायचा आणि तीनच्या चहापर्यंत प्रत्येकाने त्याचा अर्थ आणि उगम सांगायचा. अर्थ कोशात मिळे. उगमासाठी मात्र स्पर्धा लागे. शहाडहून येणारा माझा सहकारी रघु गुप्ते तर उगम जागच्या जागी तयार करी.

“रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज,” तो सांगे, “म्हणजे विलायतेत पूर्वी गवताची छपरं होती. त्यात मांजरं-कुत्री झोपायची. पाऊस आला की घसरून खाली!”

“कुत्रं छपरावर चढतं कसं?” मी विचारलं.

“मालिनीबाई, विलायतेतलं कुत्रं आहे ते. शिकलेलं असतं.”

सगळे हसले. मी माझ्या वहीत तो वाक्प्रचार लिहिला. पहिल्या रकान्यात अर्थ, दुसऱ्यात उगम, तिसऱ्यात पुरावा. तिसऱ्यात लिहिलं: नाही.

हा तिसरा रकाना देवधरांच्या थट्टेचा विषय होता. “इथे आपण वेळ घालवतो आहोत, शोधनिबंध लिहीत नाही,” ते म्हणत. पण मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने वही भरता येत नसे. बदलापूरला आमच्या शेजारचे गृहस्थ बंदुकांच्या कारखान्यात होते. त्यांनी मला जुन्या बंदुकीचं चित्र दाखवलं. नळीच्या बाजूला एक छोटी वाटी असे. तिच्यातली दारू कधी नुसतीच भडके आणि गोळी जागची हलत नसे. तो ‘फ्लॅश इन द पॅन’. पुरावा: चित्र पाहिलं. ‘अ‍ॅसिड टेस्ट’साठी मी उल्हासनगरला, निर्वासितांच्या बराकीत दुकान थाटलेल्या एका सोनाराकडे गेले. त्याने काळ्या दगडावर दोन रेघा ओढल्या आणि दोन्हींवर नायट्रिक अ‍ॅसिडचा थेंब टाकला. पितळेची रेघ हिरवट होऊन पुसली गेली, सोन्याची राहिली. पुरावा: स्वतः पाहिला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गिरणीत बैलगाड्या भरून तांबडी ब्लँकेटं परत आली. ती सरकारी इस्पितळांच्या मागणीची होती. पहिल्याच धुण्यात त्यांचा रंग सुटला होता आणि खालच्या पांढऱ्या चादरी गुलाबी झाल्या होत्या.

आमच्याकडे तांबडा रंग एकच माणूस देत असे. चामटोलीचा कोंडाजी. अकरा वर्षं तो रंगाच्या हौदावर होता. त्याचे हात कोपरापर्यंत तांबडे, नखं तर कायमची. घरच्या लग्नातसुद्धा हात धुऊन काही उपयोग होत नाही, असं तो सांगे. चौकशी झाली तेव्हा भांडारात तांबड्या रंगाची पूड कमी भरली. कोंडाजीच्या डब्याच्या फडक्यावर तांबडे डाग सापडले. विणकाम खात्याचे प्रमुख शरदचंद्र प्रधान यांनी रंगखात्याची वही पुढे केली. तिच्यात जुलैच्या सगळ्या मालापुढे कोंडाजीचा अंगठा होता. म्हणजे त्याने रंग कमी घातला आणि उरलेली पूड बाहेर विकली, असा हिशेब सगळ्यांनी मनातल्या मनात जुळवला.

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर मॅकीसाहेबांची चिठ्ठी लागली. कोंडाजी ‘कॉट रेड-हँडेड’. सोमवारी सकाळी शेवटची सुनावणी, त्यानंतर बडतर्फी.

देवधरांनी सवयीने तो वाक्प्रचार फळ्यावर लिहिला. लिहून झाल्यावर खडू हातात तसाच धरून उभे राहिले.

“अर्थ सगळ्यांना माहीत आहे,” रघु म्हणाला. आज तो हसत नव्हता. “आणि कोंडाजीचे हात तर काय, लांबूनच दिसतात.”

“उगम?” देवधरांनी विचारलं.

मला तो ठाऊक होता. स्कॉटलंडच्या जुन्या कायद्यात हा शब्द आहे. खून करणारा हाताला रक्त असतानाच सापडला, तर त्याच्याविरुद्ध दुसरा पुरावा लागत नसे. मी तसं सांगितलं. मग मीच पुढे म्हणाले, “पण कोंडाजीच्या हातांवरून तो रंगारी आहे इतकंच कळतं. चोरी केली की नाही, ते कळत नाही.”

“ते साहेबांना कोण सांगणार?” देवधर म्हणाले आणि फळा पुसायला लागले.

परत आलेलं एक ब्लँकेट प्रयोगशाळेत पडून होतं. रंग किती सुटतो ते तपासून आकडा द्यायचं काम माझ्याकडे होतं. हाच माल जाण्याआधीही मीच एक तुकडा तपासला होता, आणि तो उत्तम ठरला होता. तुकडा प्रधानांनी पाठवला होता. त्या तुकड्यात आणि या ब्लँकेटात फरक का, हे मला समजत नव्हतं. मी कडेचा एक धागा ओढून काढला. तो सहज निघाला नाही, कारण ब्लँकेटावर लव इतकी दाट उभी केलेली असते की खालचं विणकाम दिसतच नाही. धागा ओला करून उलटा पीळ दिला. पीळ सुटला तसा आतला गाभा दिसला.

तो पांढरा होता.

“मालिनीबाईंचं वूल-गॅदरिंग चाललंय,” रघु म्हणाला. म्हणजे भलत्याच विचारात हरवणं. मेंढ्यांची काट्यांना अडकलेली लोकर वेचत दिवसभर भटकणाऱ्या माणसांवरून आलेला शब्द. तोही माझ्या वहीत होता.

“गुप्ते,” मी म्हणाले, “कोंडाजी रंग कशाला देतो?”

“लोकरीला. सुट्या लोकरीला. मग ती कातायला जाते.”

“म्हणजे कातण्याआधीच प्रत्येक तंतू रंगलेला असतो. मग त्याच्या लोकरीच्या धाग्याचा गाभा पांढरा राहील कसा?”

रघुने भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे न बघता फळ्याकडे गेला आणि आपल्या अक्षरात लिहिलं: ‘डाइड इन द वुल’. अर्थ, पक्का, मुरलेला, बदलणार नाही असा. उगम, कातण्याआधी लोकरीतच रंगवलेला माल. विणून झाल्यावर कापड रंगात बुडवलं तर रंग बाहेर राहतो. उभा आणि आडवा धागा जिथे एकमेकांवरून जातात तिथेही तो नीट पोचत नाही. तंतूत मुरवलेला रंग मात्र आतपर्यंत एकसारखा असतो.

“हे ब्लँकेट कोंडाजीच्या हौदातलं नाहीच,” रघु म्हणाला.

“हे एक ब्लँकेट,” मी म्हणाले. “आलीयेत एकशे साठ.”

रविवारी मी चामटोलीला गेले. आमच्या घरापासून तासाभराची वाट. शेतात भात पिवळं पडायला लागलं होतं. कोंडाजी बांधावर होता. ओटीवर त्याची बायको कौसाबाई सूप घेऊन बसली होती. तिने मला बस म्हटलं नाही.

“कारखान्यातल्या बाय तुमी? आता आल्यात? सोमवारी त्याला हाकलल्यावर यायचा व्हता.”

“मला एकच विचारायचंय. जुलैमध्ये कोंडाजी कामावर होते का?”

“जुलय-बिलय मना नाय कळत. आवणीला व्हता घरी. धा-बारा दिस. आवणीला कोन कामावर जातंय? सगला गाव चिखलात व्हता.”

आवणी म्हणजे भाताची लावणी. आमच्या गिरणीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्याच लक्षात राहत नसे. पाऊस नीट धरला की आजूबाजूच्या गावांतले अर्धे कामगार रजेचा कागद देऊन शेतात उतरत. तेवढे दिवस रंगाचा हौद थंड असे.

तेवढ्यात कोंडाजी आला. पायांना चिखल, हात तांबडे.

“तुम्ही नव्हता, तर वहीत अंगठा कसा?” मी विचारलं.

“महिन्याच्या शेवटाला कारकून वही आणतो. अंगठा लाव म्हनतो. मी लावतो. मना वाटला हजेरीचा हाय.” “बाय, मी पयल्या दिवशीच बोललो, ह्यो माजा रंग नाय. कोनी ऐकला नाय.”

“तुम्हाला कशावरून कळलं?”

त्याला प्रश्नच विचित्र वाटला. “कशावरून म्हंजे? बघितला ना.”

“लव असताना?”

त्याने गोठ्यातल्या बैलाच्या पाठीवरचे केस दोन अंगठ्यांनी फाकले आणि मुळाशी फुंकर मारली. “असा. गोचीड बघतो ना, तसा. मुलाशी फिका दिसतो.”

परतीच्या वाटेवर मी मनात एक आराखडा तयार केला. वाद घालायचा नाही, प्रयोग करायचा.

सोमवारी सुनावणीला मॅकीसाहेब टेबलाच्या एका बाजूला, प्रधान त्यांच्या उजवीकडे. कोंडाजी दाराशी उभा. मी देवधरांच्या मागे. आदल्या संध्याकाळी देवधरांच्या घरी जाऊन मी त्यांना धागा दाखवला होता. आता त्यांनी घसा साफ केला आणि साहेबांना इंग्रजीत सांगितलं की प्रयोगशाळेला काही दाखवायचं आहे. मग त्यांनी मला पुढे केलं.

मी साहेबांना विनंती केली. त्यांनी स्वतः गोदामातून दहा ब्लँकेटं निवडावीत. काही परत आलेली, काही मे महिन्याची, जी अजून विकली गेलेली नाहीत. कुठली किती, ते कुणालाच सांगू नये. ब्लँकेटांना नुसते एक ते दहा आकडे लावावेत आणि गाठोड्यांवरच्या तारखेच्या चिठ्ठ्या काढून, त्यांवर तेच आकडे लिहून, पाकिटात बंद कराव्यात.

“वेळ जाईल,” प्रधान म्हणाले.

“माणसाची अकरा वर्षं जाणार आहेत,” देवधर म्हणाले. मराठीत आणि बऱ्याच मोठ्याने. मग त्यांनी ते साहेबांसाठी इंग्रजीतही म्हटलं.

साहेब उठून गोदामात गेले. वीस मिनिटांनी टेबलावर दहा घड्या आल्या. वरून बघता एकसारख्या तांबड्या. मला विचारलं असतं तर मला एकही ओळखता आली नसती.

“कोंडाजी,” मी म्हटलं, “तुमचं कुठलं, ते सांगा.”

तो पुढे आला. पहिल्या घडीवरची लव दोन अंगठ्यांनी फाकली, फुंकर मारली. “माजा.” दुसरी. “माजा.” तिसरीवर तो जरा थबकला, कडेकडे सरकून पुन्हा पाहिलं. “माजा नाय.” चौथी नाही, पाचवी नाही, सहावी होय. दहा घड्यांना त्याला तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. देवधरांनी सगळं कागदावर उतरवलं. चार त्याची, सहा नव्हेत.

“आता साहेब,” मी म्हणाले, “कृपा करून प्रत्येकातला एक धागा तुम्हीच काढा. बोटं ओली करा आणि उलटा पीळ द्या. आत काय रंग दिसतो ते तुम्हीच सांगा.”

मॅकीसाहेबांना विणकामाच्या गावात जन्म घेतल्याचा अभिमान होता. त्यांनी कोट काढला, बाह्या वर केल्या, पेल्यातल्या पाण्यात बोटं बुडवली. पहिला धागा आतपर्यंत तांबडा. दुसराही. तिसऱ्याचा पीळ त्यांनी सोडवला आणि ते खिडकीजवळ गेले. उजेडात धागा डोळ्यांजवळ धरला. तिथे पांढरी रेघ होती.

“नॉट डाइड इन द वुल,” ते स्वतःशीच म्हणाले.

त्यानंतर त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. एकेक धागा काढत गेले आणि तो कोंडाजीच्या उत्तराशेजारी कागदावर ठेवत गेले. दारापाशी रघु होता, त्याच्या मागे विणकाम खात्यातली चारपाच माणसं. प्रत्येक धाग्याला कुणीतरी आकडा म्हणत होतं. सात. आठ. नऊ. दहावा धागा ठेवल्यावर देवधरांनी पाकीट फोडलं आणि चिठ्ठ्या वाचल्या. दहाच्या दहा बरोबर.

“नुसता अंदाज असता,” मी सांगितलं, “तर दहाही बरोबर येण्याची शक्यता हजारात एकाहून कमी आहे.”

“मी अंदाज नाय केला,” कोंडाजी म्हणाला. देवधरांनी मी काय बोलले ते त्याला मराठीत सांगितलं होतं आणि त्याला ते अपमानाचं वाटलं होतं.

मी हजेरी खात्यातून आणलेला त्याचा रजेचा कागद टेबलावर ठेवला. सहा ते अठरा जुलै. साहेबांनी परत आलेल्या सहा गाठोड्यांच्या चिठ्ठ्या त्याच्याशेजारी लावल्या. आठ, नऊ, अकरा, बारा, चौदा, सोळा जुलै. त्यांनी मान वळवून प्रधानांकडे पाहिलं.

प्रधान वहीच्या कडा जुळवत राहिले. मग म्हणाले, “हौद बंद होता, साहेब. मागणीची तारीख जवळ आली होती. पांढरंच विणलं आणि विणलेला माल शेवटच्या शेडमध्ये रंगवला. पूड मीच भांडारातून नेली. घाईत नोंद राहिली.” आणि मग, अगदी हळू, “वाटलं, धकून जाईल.”

“आणि तपासायला पाठवलेला तुकडा?” मी विचारलं.

“मे महिन्याचा.”

मॅकीसाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. रुमाल तांबडा झाला. कपाळही. त्यांनी आपले हात पाहिले. ओल्या बोटांनी त्या सहा कच्च्या ब्लँकेटांचे धागे सोडवताना रंग त्यांच्या दोन्ही हातांना लागला होता, मनगटापर्यंत. ते हात त्यांनी समोर धरले आणि टेबलापलीकडे उभ्या कोंडाजीच्या हातांकडे बघितलं. दोन जोड्या, एकाच रंगाच्या.

“रेड-हँडेड, सर,” देवधर म्हणाले.

पण साहेब हसले. इतक्या मोठ्याने की बाहेरची माणसंही हसली, काय झालं ते न कळताच. मग ते हसायचे थांबले, उठले, सगळ्यांच्या मधून वाट काढत सूचनाफलकापर्यंत गेले आणि आपली चिठ्ठी स्वतः काढली. कागदावर त्यांच्या बोटांचे तांबडे ठसे उमटले. तो कागद त्यांनी सर्वांदेखत फाडला. परत येऊन कोंडाजीपुढे उभे राहिले आणि म्हणाले की चूक त्यांची आहे. या वेळी एकही वाक्प्रचार नव्हता. देवधरांना भाषांतर करायला काहीच अडचण आली नाही.

कोंडाजीने मान हलवली. “ती सहा ब्लँकेटं मना द्या,” तो म्हणाला. “नाय, सगलीच द्या. पुन्ना हौदात उकलून रंग पक्का करून देतो. पन जरा येल लागंल. घाई नाय करायची.” शेवटचं वाक्य तो प्रधानांकडे बघून बोलला.

बाहेर व्हरांड्यात विणकाम खात्यातल्या माणसांनी त्याला उचललं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो गिरणीच्या पुढच्या फाटकातून बाहेर गेला, चौघांच्या खांद्यावर. त्याने दोन्ही हात वर केले होते. तांबडे, लांबून दिसणारे.

मी प्रयोगशाळेत परतले तेव्हा रघुने माझी वही उघडून ठेवली होती. ‘डाइड इन द वुल’. अर्थ, उगम. तिसरा रकाना रिकामा होता.

“लिहा,” तो म्हणाला. “तुम्हीच लिहा. मी लिहिलं तर थाप वाटेल.”

मी लिहिलं: दहापैकी दहा.

पुढे फळ्यावरचा वाक्प्रचार निवडण्याचं काम देवधरांनी माझ्याकडे दिलं आणि फळ्यावर तिसरा रकानाही आखला. प्रधानांना विणकामातून काढून गोदामात बसवलं. कारकुनाला काही शिक्षा झाली नाही, आणि ती व्हायला हवी होती असं मला वाटलंही नाही. त्याला वही वाचून दाखवायला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला मी कामानिमित्त रंगखात्यात होते. कारकून वही घेऊन आला, नेहमीच्या जागी बोट ठेवलं आणि म्हणाला, “चल, अंगठा.”

कोंडाजीने हौदातली काठी बाजूला ठेवली. हात पुसले नाहीत.

“वाच,” तो म्हणाला.

“काय वाच? नेहमीचंच आहे.”

“पयल्या तारकेपास्नं वाच. सगला.”

कारकुनाने इकडेतिकडे पाहिलं. हौदावरचे कोंडाजीचे तिघे मदतनीसही काठ्या ठेवून उभे होते. त्याने वाचायला सुरुवात केली. एक तारीख, इतके पौंड लोकर. दोन तारीख. तीन. पंधराव्या तारखेला कोंडाजी म्हणाला, “त्या दिवशी हौद धुतला. काय बी नाय रंगवला.” कारकुनाने ती ओळ खोडली, पुन्हा लिहिली आणि शेवटपर्यंत वाचून काढली.

मग कोंडाजीने अंगठा लावला. शाईची डबी उघडायची गरज पडली नाही. ठसा तांबडा उमटला, स्पष्ट, त्यातली रेघ नि रेघ दिसत होती.